‘राजा कायम’, पण मागच्या भाकिताचा हिशेब कुठं आहे?

भेंडवळची घटमांडणी असो की टीव्हीवरचे एक्झिट पोल. अंदाज सांगायला कॅमेरे येतात, पडताळायला कुणीच येत नाही. त्याची किंमत शेतकरी आणि मतदार दोघेही मोजतात.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावाबाहेरच्या एका शेतात शेतकरी जमतात. जूनमध्ये पाऊस लागेल का, कपाशी साधेल का, ज्वारीला भाव राहील का, हे त्यांना ऐकायचं असतं. त्याच शेतात टीव्हीचे कॅमेरेही उभे असतात. त्यांना मात्र आधी वेगळंच ऐकायचं असतं : राजाचं काय? थोड्याच वेळात पडद्यावर लाल पट्टी झळकते आणि तिच्यात बहुतेक वेळा पहिला मान राजाला असतो. कपाशी खालच्या ओळीत जाते. तीळ आणि करडई तर पट्टीत मावतच नाहीत.

टीव्ही लोकांची मतं फिरवतो का, हा वाद जुना आहे आणि तो लवकर संपणारही नाही. पण भेंडवळचं उदाहरण समोर ठेवलं, तर त्याहून सोपी आणि जास्त उपयोगाची एक गोष्ट दिसते. भाकीत चुकतं ही मोठी अडचण नाही. हवामान खात्याचंही चुकतं, अर्थतज्ज्ञांचंही चुकतं. खरी अडचण ही की, टीव्हीवर सांगितलेल्या भाकिताचा हिशेब नंतर कुणी मागत नाही. हिशेबच नसला की चुकणाऱ्याला तोटा होत नाही, आणि ऐकणाऱ्याला शहाणपण येत नाही.

घटमांडणी म्हणजे नेमकं काय?

भेंडवळ हे जळगाव जामोद तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं गाव. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही पद्धत सुरू केली आणि ती सुमारे साडेतीनशे वर्षं चालत आली आहे, असं सांगितलं जातं. आजही वाघ घराण्यातली मंडळीच घट मांडतात.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखला जातो. त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी अशी अठरा प्रकारची धान्यं ठेवली जातात. मधोमध खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळं ठेवतात. ही ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, करंजी असे पदार्थ. पुरी म्हणजे पृथ्वी, सांडोळी-कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा, करंजी म्हणजे अर्थव्यवस्था, मसूर म्हणजे शत्रू आणि पानविडा म्हणजे राजाची गादी. रात्रभर तिथं कुणी थांबत नाही. पहाटे कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं, विडा जागेवर आहे का, हे पाहून वर्षाचं भाकीत सांगितलं जातं.

यात कार्यकारणाचा संबंध दाखवता येत नाही. रात्रीचा वारा, मुंग्या, उंदीर आणि घागरीतून झिरपणारं पाणी एवढ्यानेही दाणे हलू शकतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यावर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत आणि ते रास्त आहेत. पण हा लेख परंपरेची टिंगल करायला लिहिलेला नाही. पेरणीच्या तोंडावर शेतकरी एकत्र येतात, कोणतं पीक घ्यायचं यावर बोलतात, याला गावाच्या जगण्यात जागा आहे. प्रश्न त्या शेताचा नाही, त्या शेतातून टीव्हीच्या पडद्यापर्यंत जाताना काय होतं याचा आहे.

टीव्ही आल्यावर काय बदललं?

मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्यांची गर्दी २००७-०८ मध्ये झाली. झी २४ तास आणि स्टार माझा (आजचा एबीपी माझा) २००७ मध्ये आले. आयबीएन लोकमत (आजचं न्यूज१८ लोकमत) २००८ मध्ये. चोवीस तास भरायचे म्हणजे दर तासाला काहीतरी दाखवायला हवं. अक्षय्य तृतीयेला सोन्याचे भाव आणि आंब्यांची आरास दाखवून झाली की, भेंडवळसारखी बातमी हाताशी असते. दृश्य चांगलं, दर वर्षी ठरलेल्या दिवशी मिळणारं आणि मुख्य म्हणजे राजकारणाला जोडता येणारं.

इथं क्रम बदलतो. घटात अठरा धान्यं आहेत आणि विडा एक. म्हणजे मांडणीतच शेतीचा वाटा मोठा आहे. पडद्यावर मात्र विडा मोठा होतो आणि धान्यं लहान. भेंडवळच्या भाकितात एखादं पीक ‘मोघम’ राहील, पाऊस ‘साधारण’ राहील, असे शब्द येतात. ‘मोघम’ या शब्दावर चर्चासत्र भरत नाही. ‘राजा तणावात’ म्हटलं की चार पक्षांचे चार प्रवक्ते बसवता येतात.

लोकांनी काय मत बनवावं हे माध्यमं ठरवू शकतीलच असं नाही, पण लोकांनी कशावर मत बनवावं हे ती बऱ्याच अंशी ठरवतात. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६८ च्या निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या १०० मतदारांशी बोलून हे दाखवलं आणि १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भेंडवळच्या बाबतीत हे डोळ्यांनी दिसतं. शेतकरी पावसाचा प्रश्न घेऊन येतो, टीव्ही त्याला राजाचं उत्तर देऊन परत पाठवतो.

यात फक्त टीव्हीवाल्यांनाच बोल लावणं बरोबर नाही. त्याच बातमीची लिंक डिजिटल डेस्कवर आम्हीही करतो. मथळ्यात ‘राजा’ घातला की वाचक जास्त येतात, हे आम्हालाही ठाऊक असतं. टीव्हीवरची अर्ध्या मिनिटाची क्लिप व्हॉट्सॲपवर पोहोचते तेव्हा तिच्यावर तारीख राहत नाही, वाहिनीचं नाव राहत नाही. उरतो फक्त ‘राजा’.

‘राजा कायम’ हे भाकीत इतकं खरं का वाटतं?

इथं थोडं गणित करू. राजा म्हणजे देशाचा पंतप्रधान असं धरा. २००० पासून २०२५ पर्यंत सव्वीस वर्षं होतात. या काळात पंतप्रधान बदलले फक्त दोनदा : २००४ मध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या जागी मनमोहन सिंग आले आणि २०१४ मध्ये मनमोहन सिंगांच्या जागी नरेंद्र मोदी. म्हणजे कुणी डोळे मिटून दर वर्षी ‘राजा कायम’ एवढंच म्हणत राहिलं असतं, तरी सव्वीसपैकी चोवीस वेळा ते बरोबर ठरलं असतं. त्यासाठी घट लागत नाही, विडा लागत नाही आणि वाहिनीच्या स्टुडिओतला राजकीय विश्लेषकही लागत नाही.

आता राजा म्हणजे राज्याचा मुख्यमंत्री असं धरा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये देवेंद्र फडणवीसांचं काही दिवसांचं सरकार गेलं आणि उद्धव ठाकरे आले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा फडणवीस. त्या वर्षांत ‘राजा कायम’ म्हणणारा मुंबईत चुकला असता आणि दिल्लीत बरोबर ठरला असता. राजा कुठला, हे आधी सांगितलंच नाही, तर नंतर जो टिकला तो आपला राजा, असं म्हणायला मोकळीक राहते.

ज्या भाकितात कोण, कुठं आणि कधीपर्यंत हे नसतं, ते खोटं ठरूच शकत नाही. आणि जे खोटं ठरू शकत नाही, त्यातून काही कळतही नाही.

मग एक्झिट पोल वेगळे आहेत का?

आहेत. आणि हा फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. एक्झिट पोलमध्ये मतदान करून बाहेर पडलेल्या खऱ्या माणसांना प्रश्न विचारले जातात. नमुना नीट निवडला, माणसं खरं बोलली आणि मतांवरून जागा काढण्याचं गणित बरोबर बसलं, तर अंदाज निकालाच्या जवळ जातो. तो पडताळता येतो. पुढच्या वेळी सुधारता येतो. घटातल्या विड्याला हे लागू होत नाही.

पण टीव्हीच्या पडद्यावर आल्यावर दोघांचं रूप सारखंच होतं. १ जून २०२४ ची संध्याकाळ आठवा. बहुतेक सगळ्या वाहिन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या वर जागा दिल्या, काहींनी तर ४०० पर्यंत नेल्या. ४ जूनला प्रत्यक्षात २९३ आल्या. महाराष्ट्रात महायुतीला २८ ते ३२ जागा देणारा एक गाजलेला अंदाज होता. मिळाल्या १७. महाविकास आघाडीच्या वाट्याला ३० आल्या आणि सांगलीची जागा अपक्षाने घेतली.

अंदाज चुकला, याचा राग नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत एक गोष्ट शिकवतात : मोजमाप लिहायचं असेल, तर त्यात किती चूक असू शकते तेही शेजारी लिहायचं. नाहीतर सर वही परत फेकतात. एक्झिट पोल करणाऱ्या संस्था किती लोकांशी बोलल्या, किती मतदारसंघांत गेल्या, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, चुकीची मर्यादा किती, हे सगळं पडद्यावर बारीक अक्षरांत चमकून जातं किंवा येतच नाही. मोठ्या अक्षरांत येतो तो एकच आकडा.

बुलढाण्याचे आकडे काय सांगतात?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बुलढाण्याची लढत टीव्हीवर प्रामुख्याने दोन शिवसेनांमधली म्हणून रंगवली गेली. शिंदे गटाचे प्रतापराव जाधव सुमारे साडेतीन लाख मतं घेऊन जिंकले, ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर त्यांच्या मागे सुमारे २९ हजारांनी राहिले. पण तिसरे आलेले शेतकरी नेते रविकांत तुपकर अपक्ष होते आणि त्यांना जवळजवळ अडीच लाख मतं पडली. टीव्हीवरच्या तक्त्यात अशा मतांचा रकाना ‘इतर’ असतो. बुलढाण्यात त्या ‘इतर’ रकान्यात अडीच लाख माणसं होती. सोयाबीन-कापसाच्या भावाचा प्रश्न त्यांनी मतपेटीतून मांडला होता आणि तो दोन आघाड्यांच्या रंगीत पट्ट्यांत कुठंच दिसत नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली. बुलढाणा मतदारसंघात संजय गायकवाड जयश्री शेळके यांच्यापेक्षा अवघ्या ८४१ मतांनी पुढे राहिले. दोघांना मिळून मतं पडली होती सुमारे १ लाख ८२ हजार. म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हजार लोकांच्या नमुन्यातली स्वाभाविक चूकच साधारण तीन टक्के इकडे-तिकडे असते. अशा जागेवर ‘अमुक जिंकणार’ असं छातीठोक सांगणारा पोल आणि विडा हलला नाही असं सांगणारा घट, यांत त्या दिवशी फारसा फरक उरत नाही.

कायदा काय म्हणतो?

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६-अ असं सांगतं की, पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आधी मत देणाऱ्यांचा कल ऐकून नंतरच्या टप्प्यातले मतदार झुकू नयेत, हा त्यामागचा हेतू.

२०१७ मध्ये काही वाहिन्यांनी यातून पळवाट काढली. एक्झिट पोल दाखवता येत नाहीत ना, मग ज्योतिषी आणि टॅरोवाले बसवले. त्यावर निवडणूक आयोगाने ३० मार्च २०१७ रोजी सूचना काढली की, बंदीच्या काळात निकालाचं भाकीत कोणत्याही मार्गाने सांगणं हे या कलमाच्या हेतूविरुद्ध आहे, मग ते ज्योतिषाने सांगितलेलं असो की राजकीय विश्लेषकाने.

याचा थेट संबंध भेंडवळशी येतो. २०२४ मध्ये अक्षय्य तृतीया १० मे रोजी होती. बुलढाणा लोकसभेचं मतदान २६ एप्रिललाच उरकलं होतं. पण याच जिल्ह्यातला मलकापूर विधानसभा मतदारसंघ रावेर लोकसभेत येतो आणि रावेरचं मतदान होतं १३ मे रोजी. म्हणजे भाकितानंतर दोनच दिवसांनी जिल्ह्यातले मतदार रांगेत उभे राहणार होते. त्या वर्षी आचारसंहितेमुळे भेंडवळमध्ये राजकीय भाकीत सांगितलं गेलं नाही. पाऊस आणि पिकं तेवढी सांगितली. सगळ्या स्टुडिओंनी दिवस मोजत १ जूनच्या संध्याकाळची वाट पाहिली, गावाने मात्र आपलं आपण आवरतं घेतलं. यातून गावाचं जे शहाणपण दिसतं, त्याची बातमी मोठी व्हायला हवी होती.

चुकीची किंमत कोण मोजतं?

३ जून २०२४ रोजी, म्हणजे एक्झिट पोलनंतरच्या पहिल्याच बाजारदिवशी, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला. ४ जूनला निकाल येताच तो जवळजवळ ४,४०० अंशांनी कोसळला. टीव्हीवरच्या पट्ट्या पाहून सोमवारी मोबाइलवरून शेअर घेतलेल्या माणसाचं मंगळवारी काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. अंदाज सांगणारे पुढच्या निवडणुकीला पुन्हा त्याच खुर्च्यांवर होते.

बुलढाण्यात बहुतेकांचे पैसे शेअर बाजारात नसतात, जमिनीत असतात. पहिल्या सरींवर तिफण धरायची की थांबायचं, हा जून महिन्यातला सगळ्यात महागडा निर्णय. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. पेरणी साधली नाही तर बियाण्याची बॅग, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी हे सगळं पुन्हा करावं लागतं. दुबार पेरणीचं कर्ज फेडताना ‘पाऊस चांगला’ म्हणणारी पट्टी कुणाच्या कामाला येत नाही.

२२ जुलै २०२३ रोजी याच जळगाव जामोद आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. पिकं गेली, जमिनी खरडून गेल्या, गावांत पाणी शिरलं. कॅमेरे तेव्हाही आले. तीन महिन्यांपूर्वी याच तालुक्यातून टिपलेली पावसाच्या भाकिताची दृश्यं वाहिन्यांच्या संग्रहात होती. एप्रिल आणि जुलै शेजारी-शेजारी ठेवून काय म्हटलं होतं आणि काय झालं, हे दाखवायला फार तर पाच मिनिटं लागली असती.

हवामान खात्याशी तुलना करून पाहा. खातं एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज देतं आणि त्यासोबत सांगतं की, यात पाच टक्के कमी-जास्त होऊ शकतं. मेअखेरच्या सुधारित अंदाजात ही मर्यादा चार टक्क्यांवर येते. २०२३ साठी देशभरात सरासरीच्या ९६ टक्के असा अंदाज होता, झाला ९४ टक्के. २०२४ साठी १०६ टक्के होता, झाला १०८ टक्के. तालुक्याच्या पातळीवर हा अंदाज तोकडा पडतो आणि शेतकऱ्यांची ती तक्रार खरी आहे. पण तिथं निदान वही उघडी आहे. चूक किती झाली ते कुणालाही बघता येतं.

मग बंदी घालायची का?

नको. बंदी घातली तर भाकीत थांबणार नाही, फक्त व्हॉट्सॲपवर सरकेल आणि तिथं त्याला विचारणारं कुणी नसेल. एक्झिट पोलवर कायमची बंदी घातली, तर एक पडताळता येणारं साधन आपण हातचं घालवू. त्यापेक्षा तीन साध्या गोष्टी करता येतात.

पहिली, भाकिताच्या बातमीआधी मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक. ‘गेल्या वर्षी काय सांगितलं, प्रत्यक्षात काय झालं’ असा वीस सेकंदांचा तक्ता. घटमांडणीलाही आणि एक्झिट पोललाही. दुसरी, एक्झिट पोलमध्ये नमुना, मतदारसंघांची संख्या आणि चुकीची मर्यादा ही आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत. तिसरी, भेंडवळची बातमी दाखवायचीच असेल तर तिच्याच शेजारी हवामान खात्याचा अंदाज आणि कृषी विभागाचा पेरणीचा सल्ला. शेतकरी कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवेल, पण त्याच्यापुढे दोन्ही कागद असायला हवेत.

वाचकालाही काही करता येईल. पुढच्या वेळी फोनवर भाकिताची क्लिप आली की पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. राजा म्हणजे कोण, दिल्लीचा की मुंबईचा? कायम म्हणजे कधीपर्यंत? आणि हे चुकलं तर ते चुकलं हे आपल्याला कशावरून कळणार? तिन्हींचं उत्तर क्लिपमध्ये नसेल, तर ती करमणूक समजा. करमणूक वाईट नसते, पण तिच्यावर कुणी पेरणी करत नाही आणि मतही देत नाही.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला भेंडवळची बातमी आमच्या डेस्कवरही येईल. ती चालवू नये, असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षीचा तक्ता तयार करून मथळ्याखाली लावावा, एवढा आग्रह मात्र धरणार आहे. आणि त्या तक्त्यात पहिली ओळ पावसाची असेल, राजाची शेवटी.